नैराश्य, मग बायपोलर, मग लिथियम : एका शिक्षकाचे अनुभवकथन

मी सातारा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. जून २०२२ मध्ये माझे आजारपण सुरू झाले. त्याला आधी नैराश्य हे नाव मिळाले, पुढे ते बदलून बायपोलर टाइप २ (मन कधी नैराश्यात, तर कधी अतिउत्साहात जाण्याचा आजार) झाले आणि तेव्हापासून मी मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या लिथियम या औषधावर आहे. नैराश्याची लक्षणे सांगणारे लेख मला मराठीत भरपूर वाचायला मिळाले. केसपेपर कुठे काढायचा, रजेच्या दाखल्यावर काय लिहून येते, रक्त किती वाजता द्यायचे, निवडणुकीची ड्युटी लागली तर कुणाकडे जायचे, या गोष्टी मात्र कुणी लिहिलेल्या सापडल्या नाहीत. त्या इथे क्रमाने लिहितो आहे. शाळेचे, गावाचे आणि डॉक्टरांचे नाव मुद्दाम दिलेले नाही. औषधांच्या मात्रा माझ्यापुरत्या आहेत. त्या पाहून कुणी आपली गोळी ठरवू नये.

त्या वर्षी शाळा उघडल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच मला पहाटे तीनला जाग येऊ लागली आणि मग झोप लागत नसे. सकाळ सर्वांत वाईट जायची, संध्याकाळी थोडे हलके वाटायचे. पोषण आहाराची नोंदवही माझ्याकडे होती. पहिली ते पाचवीच्या मुलांना माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, म्हणजे हजर मुलांची संख्या घ्यायची आणि शंभराने गुणायची, हा हिशेब मी वर्षानुवर्षे उभ्या उभ्या करत आलो होतो. जुलैत मी त्या वहीसमोर पेन घेऊन अर्धा अर्धा तास बसून राहू लागलो. आकडा येत नव्हता असे नाही. आलेला आकडा बरोबर आहे याची खात्री पटत नव्हती आणि मी पुन्हा पहिल्यापासून मुले मोजत होतो. बेंदराला घरी पुरणपोळी झाली, तिची चव कागदासारखी लागली. वजन सहा किलोने उतरले. रडू मात्र कधी आले नाही, आणि त्यामुळेच घरात कुणाच्या मनात नैराश्य हा शब्द आला नसावा. माझी तक्रार पाठदुखीची आणि ॲसिडिटीची होती.

तालुक्याच्या गावातील आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पंधरा दिवस पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि उतार पडेना तेव्हा रक्त तपासायला सांगितले. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइडची टीएसएच, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व या सगळ्याचे खासगी प्रयोगशाळेत साधारण २,४०० रुपये झाले. हा खर्च फुकट गेला असे मी म्हणणार नाही. थायरॉइड मंदावलेले असेल, बी-१२ कमी असेल किंवा रक्तक्षय असेल, तर थकवा, मंदपणा आणि उदासी यांचे चित्र हुबेहूब नैराश्यासारखे दिसू शकते. मानसोपचारतज्ज्ञही पहिल्या भेटीत हेच अहवाल मागतात, त्यामुळे ते फाइलमध्ये असलेले बरे. माझे ड जीवनसत्त्व तेवढे कमी निघाले.

त्यानंतर डॉक्टरांनी एक छापील मराठी कागद पुढे केला. गेल्या दोन आठवड्यांतील झोप, भूक, एकाग्रता, कामातील रस, स्वतःबद्दलचे वाटणे अशा नऊ प्रश्नांची उत्तरे त्यावर ० ते ३ अशा गुणांत द्यायची होती. ही पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली असून तिचे एकूण गुण २७ असतात. १० च्या पुढे नैराश्याची दखल घेण्यासारखी शक्यता मानतात आणि २० च्या पुढे तीव्र. माझे १९ आले. कागद घडी घालून डॉक्टर म्हणाले, “गुरुजी, पाठ दुखतेय हे खरंच आहे, पण औषध पाठीचं नको. मी चिठ्ठी देतो, सिव्हिलला मानसोपचार विभागात दाखवून या.”

ती चिठ्ठी खिशात घेऊन मी आठवडाभर फिरलो. भीती आजाराची नव्हती, ओळखीचे कुणी भेटेल याची होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पत्नीला सोबत घेऊन गेलो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून सुरू आहे आणि त्यामुळे जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा मिळते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. तेव्हा केसपेपर १० रुपयांचा होता. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले आहेत. खिडकीवर ‘मानसोपचार’ असे मोठ्याने सांगावे लागते, कारण त्यावरच खोली क्रमांक मिळतो. नऊच्या आत पोहोचलात तर दुपारपर्यंत मोकळे होता, अकराला गेलात तर जेवणाची सुट्टी आडवी येते. रांगेत पाहावे तर आमच्याच केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, एक शिक्षक आपल्या आईला घेऊन बसलेले. दोघांनीही एकमेकांना नमस्कार केला आणि पावसाबद्दल बोललो.

आधी एका समाजसेविका ताईंनी माहिती लिहून घेतली : कधीपासून, घरात आणखी कुणाला, दारू-तंबाखू, कर्ज, नोकरीतील ताण. मग डॉक्टर. त्यांनी अगदी सरळ विचारले, “जगू नये असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात आलंय का?” पत्नी शेजारी होती. मी हो म्हणालो. हा प्रश्न विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसता विचार शिरतो अशी समजूत आपल्याकडे आहे, पण मला तो प्रश्न कुणीतरी विचारला याचेच हायसे वाटले. त्या दिवसापासून रात्री मला एकटे ठेवायचे नाही आणि घरातील सर्व औषधे पत्नीच्या ताब्यात असतील, असे तिथेच ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक असून तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. पहाटे तीनला जागे असणाऱ्या माणसाने तो फोनमध्ये साठवून ठेवावा.

निदान नैराश्याचे झाले. एसिटालोप्राम १० मिलिग्रॅमची गोळी आणि पहिल्या काही आठवड्यांपुरती झोपेसाठी क्लोनाझेपाम मिळाली. डॉक्टरांनी एक गोष्ट दोनदा सांगितली : या गोळीचा त्रास आधी जाणवतो आणि गुण नंतर येतो. मळमळ, डोके जड होणे, थोडी अस्वस्थता हे पहिल्या आठवड्यात होते आणि ओसरते. मनावरचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. हे आधी माहीत नसेल तर माणूस आठव्या दिवशी ‘गोळी बाधली’ म्हणून सोडून देतो. मळमळ खरोखरच झाली. गोळी जेवणानंतर घेतल्यावर ती कमी झाली.

रजेचा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण मला सर्वांत जास्त प्रश्न त्याबद्दलच येतात. शिक्षकांना उन्हाळी आणि दिवाळीची सुट्टी असल्यामुळे अर्जित रजा फारशी साठत नाही, पण वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा खात्यात जमा होते आणि अनेकांची ती तशीच पडून असते. वैद्यकीय दाखल्यावर तीच परिवर्तित करून घेता येते. तेव्हा पगार पूर्ण मिळतो आणि खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. म्हणजे ३० दिवसांच्या रजेला अर्धवेतनी ६० दिवस जातात. अर्जासोबत दाखला मुख्याध्यापकांमार्फत पंचायत समितीच्या शिक्षण विभागात जातो, आणि हजर होताना कामास योग्य असल्याचा वेगळा दाखला लागतो. तो आणल्याशिवाय हजर करून घेत नाहीत, म्हणून रजा संपण्याच्या आदल्या ओपीडीच्या दिवशीच तो घ्यावा. माझ्या पहिल्या दाखल्यावर ‘उपचार चालू आहेत, विश्रांतीची गरज आहे’ एवढेच होते. कार्यालयाने आजाराचे नाव हवे म्हणून तो परत पाठवला. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाला आपल्या आजाराबाबत गोपनीयतेचा हक्क आहे, हे डॉक्टरांनी सांगितले. तरीही वाद घालण्याची ताकद त्या दिवसांत माझ्यात नव्हती. शेवटी त्यांनी नावाऐवजी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील एफ-३२ हा सांकेतिक क्रमांक लिहिला आणि टेबलावरचे समाधान झाले. त्या कागदाच्या झेरॉक्स किती जणांच्या हातांतून गेल्या असतील हा विचार मी तेव्हा पुष्कळ केला. आता करत नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस पहिल्यांदा भूक लागली. ऑक्टोबरमध्ये मी शाळेत हजर झालो, पोषण आहाराची वही पुन्हा हातात घेतली आणि ती जमली. २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झाले. त्यानंतरच्या तीन आठवड्यांबद्दल मात्र मला थांबून लिहिले पाहिजे, कारण माझ्या आजाराचा खरा पत्ता तिथे लागला.

दिवाळीच्या सुट्टीत मला फार बरे वाटू लागले. पहाटे तीनची जाग तीच होती, पण आता मी उठून कामाला लागत होतो. सुट्टीतच शाळेच्या व्हरांड्याच्या भिंती मी स्वतः रंगवल्या आणि त्यावर पाढे, नकाशे, पक्ष्यांची चित्रे काढली. गावातील प्रत्येक वाडीवर फिरते वाचनालय काढायचा आराखडा दोन रात्रींत लिहून झाला. त्यासाठी शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढले, पुस्तकांची ऑर्डर दिली, आणि डोंगराकडेच्या पडीक रानात लावायला केशर आंब्याची कलमे टेम्पो भरून आणली. ती लावायला पाणी आहे का, याचा विचार कलमे उतरवून झाल्यावर भावाने केला. मी भरभर बोलत असे, समोरच्याचे वाक्य मीच पूर्ण करत असे, आणि रात्री तीन तास झोपूनही थकत नसे. गावाला हे सगळे फार आवडले. सरपंचांनी सत्कार ठेवला. आजारातून उठलेले गुरुजी दुप्पट जोमाने कामाला लागले, असे त्या सत्कारात तिघांनी भाषणात सांगितले. नैराश्यात माणूस निदान दवाखान्याची वाट धरतो. या अवस्थेत सगळा गाव पाठीवर थाप मारत असतो आणि रुग्णाला स्वतःला तर काहीच तक्रार नसते.

तक्रार होती ती पत्नीला. नोव्हेंबरच्या तारखेला डॉक्टरांनी “कसं आहे आता?” असे विचारल्यावर मी “एकदम उत्तम” म्हणालो. ती म्हणाली, “डॉक्टर, हे बरे झालेत असं सगळे म्हणतात, पण मला तसं वाटत नाही. दिवाळीपासून यांची झोप तीन तासांच्या वर गेलेली नाही. आणि हे असं आधीही एकदा झालं होतं.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि एक कोरा कागद घेतला. मध्ये आडवी रेघ मारून तिच्यावर वर्षे लिहिली आणि आम्हा दोघांना आठवायला लावले : रेघेखाली मन बसलेले काळ, रेघेवर असे धावणारे काळ. २०११ मध्ये मी एका उन्हाळ्यात घराचा वरचा मजला बांधायला काढला होता आणि पावसाळ्यात महिनाभर अंथरुणातून उठलो नव्हतो. तेव्हा आम्ही त्याला टायफॉइडनंतरचा अशक्तपणा म्हटले होते. २०१७ मध्ये बदलीच्या वेळी पुन्हा तसेच खाली गेलो होतो. माझे धाकटे चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, वर्षातले काही महिने भजनी मंडळ गाजवायचे आणि काही महिने गोठ्यातच पडून असायचे. हे सगळे त्या एका कागदावर आले तेव्हा चित्र माझ्याही लक्षात आले.

डॉक्टरांनी सांगितले ते असे. नुसते नैराश्य आणि बायपोलरमधील नैराश्य यांच्यात लक्षणांवरून फरक करणे कठीण असते. फरक कळतो तो वरच्या बाजूच्या काळांवरून, आणि ते काळ रुग्ण आजार म्हणून सांगतच नाही. उन्माद पूर्ण असेल, आठवडाभर किंवा अधिक टिकला, व्यवहार कोलमडला किंवा दाखल करावे लागले, तर तो टाइप १. सौम्य उन्माद, ज्याला हायपोमेनिया म्हणतात, किमान सलग चार दिवस टिकतो, माणूस कामावर जात राहतो आणि जोडीला नैराश्याचे झटके येतात, तो टाइप २. टाइप २ म्हणजे हलका आजार नव्हे, कारण त्यात माणसाचा बराच काळ नैराश्यातच जातो. अशा रुग्णाला केवळ नैराश्यविरोधी गोळी दिली तर काहींच्या बाबतीत मन पलीकडच्या टोकाला जाऊ शकते, म्हणून मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाचा आधार लागतो.

या लेखातून कुणाला एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या : मानसोपचारतज्ज्ञांकडे पहिल्या भेटीला जाताना तुम्हाला निदान दहा वर्षे जवळून ओळखणारे माणूस सोबत न्या, आणि वाईट काळांइतकेच अतिउत्साहाचे काळही सांगा. कमी झोपूनही ताजेतवाने वाटणे, खर्चाचा झपाटा, एकाच वेळी दहा कामे, चिडचिड, नात्यातील कुणाचे ‘लहरी’ वागणे, हे न विचारता सांगावे. डॉक्टर विचारतातच, पण गर्दीच्या ओपीडीत नैराश्यात बुडालेल्या माणसाला अकरा वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवत नाही.

एसिटालोप्राम टप्प्याटप्प्याने बंद झाली, रात्रीसाठी क्वेटियापिन सुरू झाली आणि डिसेंबरमध्ये लिथियम. लिथियमचा उन्मादावरील उपयोग ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे हे औषध जुने आहे, स्वस्त आहे आणि आत्महत्येचा धोका कमी करण्याच्या बाबतीत त्याचा पुरावा चांगला मानला जातो. अडचण एवढीच की उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते, म्हणून रक्त तपासत राहावे लागते. सुरू करण्यापूर्वी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, टीएसएच, कॅल्शियम आणि ईसीजी झाला. गोळी सुरू झाल्यावर आठवड्याने रक्तातील लिथियमची पातळी पाहिली, मात्रा बदलली की पुन्हा पाहिली, मग दर तीन महिन्यांनी आणि आता सहा महिन्यांनी पाहतात. माझी पातळी ०.६ ते ०.८ च्या दरम्यान ठेवलेली आहे. गोळ्यांचा महिन्याचा खर्च दीडशे-दोनशे रुपयांच्या आत असतो. पातळीची तपासणी आमच्याकडे सरकारी रुग्णालयात त्या वेळी होत नव्हती. खासगीत ती ५०० रुपयांच्या आसपास पडे आणि नमुना बाहेरगावी जात असल्याने अहवाल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येई.

रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे असते. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला. सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यानंतर घ्यायची, नाहीतर आकडा फुगतो. उपाशी पोटी जाण्याची गरज नसते. आणखी एक बाब मला अनुभवातून कळली, ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका प्रयोगशाळेच्या अहवालात माझी पातळी २ च्या वर आली. दीडच्या वर विषबाधेची लक्षणे दिसू लागतात, आणि मी तर व्यवस्थित चालत-बोलत होतो. फोनवर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “रक्त घेतलेल्या नळीचं बूच कोणत्या रंगाचं होतं?” हिरवे होते. हिरव्या बुचाच्या काही नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपारिन हेच रसायन असते. त्यात घेतलेल्या रक्ताची लिथियम पातळी खोटी वाढलेली येणारच. दुसऱ्या दिवशी साध्या नळीत रक्त दिले, ०.७ आली. तेव्हापासून रक्त घेणाऱ्या मुलाला मी आधी तपासणीचे नाव सांगतो आणि मग हात पुढे करतो.

जानेवारीपासून मार्चपर्यंत मन पुन्हा खालीच होते. औषध बदलले म्हणजे आजार लगेच हटतो असे नाही. त्या काळात मी शाळेत जात होतो, शिकवत होतो, पण घरी आल्यावर बोलत नव्हतो. एप्रिलमध्ये उन्हे चढली तसा मीही हळूहळू वर आलो. लिथियमने हाताला बारीक कंप आला. घरी चहाचा कप धरताना तो कळत नसे, फळ्यावर मात्र लगेच दिसे. ‘श्री’ची वेलांटी काढताना खडू दोनदा टेके आणि रेघेत गाठ पडे. दुसरीतील एका मुलीने ती गाठ आपल्या पाटीवर जशीच्या तशी उतरवली होती. मात्रा थोडी कमी करून ती रात्री एकदम घेण्यास सांगितल्यावर कंप बराच उतरला. तहान वाढली, लघवी वाढली, वजन चार किलोने वाढले. वर्गात पाण्याची बाटली टेबलावर असते.

लिथियम आणि मीठ, म्हणजे त्यातील सोडियम, यांना मूत्रपिंड जवळजवळ सारख्या रीतीने हाताळते. शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते आणि पातळी चढते. त्यामुळे निर्जळी उपवास मला बंद आहेत. आषाढीला मी साबुदाणा खातो आणि पाणी पितो, आईनेही ते मान्य केले आहे. जुलाब-उलट्या झाल्या, कडक उन्हात दिवस गेला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना फोन करायचा. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, तसेच रक्तदाबाची काही औषधे पातळी वाढवतात. साधी अंगदुखी असेल तर मला पॅरासिटामॉल चालते. आमच्या भागात पाठ दुखली की दवाखान्यात डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन न मागताच मिळते. म्हणून पाकिटात एक चिठ्ठी ठेवली आहे : ‘मी लिथियम घेतो’, त्याखाली मात्रा, पत्नीचा आणि डॉक्टरांचा फोन. कंप एकदम वाढणे, चालताना तोल जाणे, जीभ जड होणे, उलट्या, गुंगी यांपैकी काही दिसले तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठायचे, हे घरात सर्वांना पाठ आहे.

पैशांची व्यवस्था आम्ही मे २०२३ मध्ये, मन स्थिर असताना, बसून केली. पाच हजारांच्या वरचा कोणताही खर्च दोघांच्या संमतीने, एटीएम कार्ड पत्नीकडे, आणि कर्जाच्या अर्जावर मी एकट्याने सही करायची नाही. पुस्तके वाया गेली नाहीत, ती शाळेतच आहेत. कलमांपैकी थोडी जगली. पतसंस्थेचा हप्ता पगारातून कापला जातो. त्याच सुमारास २०१७ च्या अधिनियमातील तरतुदीप्रमाणे पत्नीला माझी नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून नेमले. त्यासाठी साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालते, पैसे लागत नाहीत. उद्या मला निर्णय घेता येईनासा झाला तर उपचाराबाबत डॉक्टर तिच्याशी बोलतील, कुणा मोठ्या आवाजाच्या नातेवाइकाशी नाही.

२०२४ मध्ये निवडणुकीच्या ड्युटीचा प्रश्न आला. बायपोलरमध्ये झोपमोड हे नुसते लक्षण नसते, ती झटक्याला कारणही होते. आणि मतदानाची ड्युटी म्हणजे आदल्या दिवशी साहित्य घेऊन केंद्रावर मुक्काम, सकाळी सातच्या मतदानाच्या दीड तास आधी अभिरूप मतदान, संध्याकाळी यंत्रे बंद करून मध्यरात्रीपर्यंत ती जमा करण्याच्या रांगेत. साताऱ्यात लोकसभेचे मतदान ७ मे रोजी होते. आदेश हातात पडल्यावर लगेच मी तहसील कार्यालयात अर्ज दिला. सोबतच्या दाखल्यात डॉक्टरांनी ‘दीर्घकालीन आजारावर नियमित उपचार सुरू, रात्रीची अखंड झोप वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ असे लिहिले होते. असे अर्ज तपासायला वैद्यकीय मंडळासमोर पाठवतात. तिथे मूळ केसपेपर, गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि पातळीचे अहवाल दाखवावे लागले. झेरॉक्सचे दोन संच न्यावेत आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. नाव वगळले गेले. नोव्हेंबरच्या विधानसभेला मी स्वतःच दिवसाचे काम मागितले आणि तालुक्याच्या ठिकाणी टपाली मतपत्रिकांच्या नोंदीचे काम मिळाले. ते मी आनंदाने केले, कारण आजारी माणूस म्हणून प्रत्येक कामातून वगळले जाणेही काही फार सुखाचे नसते.

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दलही विचारणा होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, तपासणी आयडियाज नावाच्या मोजपट्टीवर होते आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के लागतात. ती मोजपट्टी स्वतःची काळजी, लोकांशी संबंध, संवाद आणि काम यांत किती अडचण येते ते पाहते. मी नियमित नोकरी करतो, त्यामुळे मी अर्ज केलेला नाही. आरोग्य विम्यासाठी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच वागवावे असे २०१७ चा अधिनियम सांगतो. पॉलिसी घेताना आजार लपवू नये, नाहीतर दावा त्याच कारणाने नाकारला जाऊ शकतो.

जुलै २०२४ मध्ये एकदा घसरण झाली. या वेळी ती लवकर सापडली, कारण पत्नी माझ्या झोपेचे तास कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलने लिहिते. सलग तीन दिवस साडेचारच्या आत जाग आली की डॉक्टरांना फोन, झोप सलग दोन रात्री पाच तासांच्या खाली गेली आणि मी उत्साहात असलो तरी फोन. औषधात थोडा बदल झाला, रजा घ्यावी लागली नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्य आल्याचे आढळले होते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आमच्या केंद्राच्या शिक्षक बैठकीला तीस-पस्तीस जण असतात, तेव्हा तो आकडा माझ्या मनात येतोच. सिव्हिलच्या रांगेत भेटलेले शिक्षक आणि मी आता त्यांच्या आईच्या गोळ्यांबद्दल आणि माझ्या पातळीबद्दल उघड बोलतो, बैठकीतच, चहाच्या वेळी.

लिथियम कधी बंद होणार, असे मी दर वर्षी एकदा विचारतो. डॉक्टर म्हणतात की इतके झटके येऊन गेल्यावर ते दीर्घकाळ घ्यावे लागते, आणि थांबवायचेच ठरले तरी एकदम नाही, काही आठवडे ते महिने घेऊन उतरवत न्यायचे, कारण अचानक थांबवल्यास उन्माद उलटण्याचा धोका मोठा असतो. थायरॉइड किंवा मूत्रपिंडाने तक्रार केली तर पर्याय आहेत. सध्या टीएसएच आणि क्रिएटिनिन ठीक आहेत. पुढच्या रक्ततपासणीची तारीख दिवाळीच्या सुट्टीत घेतली आहे, म्हणजे रजा टाकावी लागणार नाही.